एकशे चाळीस अंश

चौदा नंबरची नळी गुलाबी झाली होती.

डॉ. यमुना म्हात्रेनं ती रॅकमधून उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. रंग अगदी फिका होता, धुतलेल्या रक्तासारखा. पण होता. रॅकमधल्या बाकीच्या एकोणतीस नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. तिनं नळी परत ठेवली, हातमोजे बदलले, पुन्हा उचलली. रंग तसाच होता.

मंगळवारची सकाळ होती. भोरच्या पलीकडच्या टेकडीवर ग्रहसंधान संस्थेच्या आवारात त्या आठवड्यात लग्नघर असावं तशी गडबड चालली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ‘अवगाह’ यानापासून त्याचा उतरणारा भाग सुटा होणार होता आणि गुरूच्या युरोपा या चंद्रावर उतरणार होता. युरोपाच्या बर्फाखाली समुद्र आहे, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाण्याचा. ‘अवगाह’नं सोबत एक तापशूळ नेला होता. माणसाच्या उंचीचा, स्वतःच्या उष्णतेनं बर्फ वितळवत खाली खाली जाणारा. त्याच्या पाठीत एक रीळ होतं आणि रिळावर केसाएवढी बारीक, पंधरा किलोमीटर लांबीची तार. तार सोडत सोडत शूळ खाली जाणार, समुद्रात पोचणार, आणि तिथं कोणी आहे का ते पाहणार.

यमुनेचं काम मात्र जमिनीवरचं होतं. आपण दुसऱ्याच्या घरी जाताना पायाची घाण घेऊन जात नाही ना, एवढंच ती पाहायची. यानाचा प्रत्येक भाग निर्जंतुक खोलीत जोडला गेला, तेव्हा त्याच्या शेजारी त्याच धातूची एक छोटी पट्टी ठेवली गेली. जे यानावर पडलं ते त्या पट्टीवरही पडलं असणार. यान उडालं, पट्ट्या सीलबंद होऊन इथल्या कपाटात राहिल्या. तेव्हाच्या तपासणीत सगळ्या पट्ट्यांवर शून्य जंतू आढळले होते. त्या तक्त्याखाली यमुनेची सही होती.

दोन महिन्यांपूर्वी एका परिषदेसाठी निबंध हवा म्हणून तिनं तीस जुन्या पट्ट्या काढल्या आणि नव्या पद्धतीनं तपासायला घेतल्या. नेहमीच्या तपासणीत पट्टी साध्या पोषक पाण्यात ठेवतात, उबेत, तीन दिवस. तिनं त्या खारट पाण्यात ठेवल्या. युरोपाच्या समुद्रात जसे क्षार असतील असा अंदाज आहे तशा पाण्यात, चार अंश तापमानाला, कितीही दिवस लागोत. काही निघेल असं तिला वाटलंच नव्हतं.

बावन्नाव्या दिवशी नळी गुलाबी झाली होती.

तिनं पट्टीची नोंद काढली. ‘पट्टी १४. तापशूळ, रिळाचा ब्रेक. दुरुस्तीनंतर.’ तारीख नऊ वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली. तारीख तिनं पुन्हा एकदा वाचली. नळीतला एक थेंब तिनं जनुकतपासणीच्या यंत्रात घातला. उत्तर यायला एक दिवस लागणार होता. कोणाला काही न सांगता तिनं प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

घरी आल्यावर निरंजननं विचारलं, “डोकं दुखतंय का?”

“थोडं.”

निरंजन तिचा नवरा. तापशूळ त्याचा होता. म्हणजे कागदावर चाळीस जणांचा, पण रिळाची पहिली रेघ त्यानं काढली होती. त्या आठवड्यात तो धड बसत नव्हता. भाकरी तव्यावर टाकता टाकता सांगत होता, “आज पुन्हा तारेची तपासणी झाली. आठ वर्षं अंतराळात, आणि एक दोष नाही. एक! संचालकबाई म्हणाल्या, निरंजन, तुझी तार माझ्यापेक्षा जास्त टिकणार.” मग तिच्याकडे बघून म्हणाला, “शुक्रवारी तू माझ्या शेजारी बस. काही झालं तरी.”

ती हो म्हणाली.

बुधवारी सकाळी दहा वाजता उत्तर आलं. यंत्रानं तो जंतू ओळखला होता. मिठात राहणारा, प्राचीन वंशाचा. पडद्यावर त्याच्या सर्वांत जवळच्या नातलगाचं नाव होतं आणि पुढे तो कुठं सापडला ती जागा: उरण परिसरातलं मिठागर.

यमुनेनं तो निकाल कागदावर छापून घेतला.

ती मिठागरातच वाढली होती. मीठ पिकायला आलं की वाफ्यातलं पाणी गुलाबी दिसतं, हे तिला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होतं. तो रंग याच जंतूंचा, हे ती पुढे कॉलेजात शिकली. विलक्षण जीव. मीठ जमताना प्रत्येक खड्यात खारट पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात, त्या थेंबात हे जंतू अडकतात आणि तसेच राहतात. वर्षं, शतकं, हजारो वर्षं. किरणोत्सारानं त्यांचे जनुकधागे तुटले तर ते पुन्हा सांधून घेतात. साध्या पाण्यात टाकलं तर मात्र फुगून फुटतात. म्हणून जुन्या तपासणीत ते कधी दिसलेच नसते. साधं पाणीच त्यांना मारून टाकत होतं, आणि तक्त्यावर शून्य उमटत होतं. आता खाऱ्या समुद्राकडे निघालेल्या यानात चढायला पृथ्वीवरचा कुठला जीव सर्वांत लायक, असं कोणी विचारलं असतं, तर तिनं याचंच नाव घेतलं असतं.

तिनं जनार्दनदादाला फोन लावला. तिचा मोठा भाऊ, अजून तिथंच राहणारा.

“दादा, आबा गेले तेव्हाचं विचारायचंय. मी कुठल्या दिवशी परत गेले?”

“आज काय मधेच?”

“सांग ना.”

“चौथे दिवशी. मीठ तयार होतं, टाकून देता येत नव्हतं, म्हणून आपण दोघांनी सकाळभर ओढलं. तू पण फावडं घेतलं होतंस. आणि निरंजनरावांचा फोन आला.” दादा सांगत होता. “तशीच गेलीस गो तू. आंघोळ कर म्हणालो, तर म्हणालीस पुण्याला करीन. केसात मीठ होतं तुझ्या.”

फोन ठेवल्यावर ते सगळं तिच्यापुढे उभं राहिलं. उड्डाणाला सात महिने होते. सीलबंद रिळाचा ब्रेक अडकला होता, पेटी उघडावी लागणार होती, आणि उघडल्यावर नमुने घ्यायची परवानगी असलेली ती एकटीच होती. दोन दिवसांत काम झालं नाही तर पुढच्या सगळ्या चाचण्या कोलमडत होत्या. उड्डाण चुकलं तर गुरूकडे जायचा रस्ता तेरा महिन्यांनी उघडणार होता. नियम असा की माती, समुद्र, शेत, असल्या कुठल्याही उघड्या जागी काम केलेल्या माणसानं सात दिवस निर्जंतुक खोलीत जायचं नाही. निरंजन फोनवर म्हणाला होता, “तू ये. बाकीचं मी बघतो.” दुसऱ्या दिवशी ती आत गेली. दोनदा आंघोळ करून, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात. वडील जाऊन पाच दिवस झाले होते. तिला बाकी कशाचं भान नव्हतं. प्रवेशाच्या रजिस्टरवर ‘सात दिवस पूर्ण’ असं लिहून निरंजननं सही केली होती. तिनं ती पाहिली होती आणि काही बोलली नव्हती.

साडेअकराला तिनं त्याला इमारतीच्या गच्चीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता पाण्याच्या टाकीला टेकला.

“पट्टीवर सापडलाय,” तो म्हणाला. “यानावर नाही.”

“पट्टी ब्रेकच्या शेजारी होती, निरंजन. एका वितीवर. दोन्ही माझ्या हाताखाली होतं.”

“नंतर आपण पेरॉक्साइडची वाफ दिली होती.”

“मिठाच्या खड्याच्या आत वाफ जात नाही. पट्टीलाही तीच वाफ दिली होती.”

“आठ वर्षं! निर्वात पोकळी, थंडी, किरणोत्सार…”

“रीळ धातूच्या कवचात आहे. आणि हे जंतू यापेक्षा वाईट सोसतात.”

“बरं, पोचला. समजा, एखादा खडा पोचला. पंधरा किलोमीटर खाली, अंधारात, त्या थंडीत. तो काय करणार आहे तिथं?”

“माहीत नाही.”

“बघ!”

“माहीत नाही म्हणूनच तर आपण तिथं चाललोय ना?” तिचा आवाज चढला. “काहीच झालं नाही, तर उत्तम. पण तिथं कोणी राहत असेल तर? आणि नसेल, आणि दहा वर्षांनी कोणी दुसरं यान नेऊन पाहील आणि नाचेल, जीव सापडला म्हणून, तर? उरणचा जीव सापडेल त्यांना. ते पाणी पुन्हा कधीच कोणाला धुता येणार नाही.”

निरंजननं चेहरा पुसला. ऊन कडक होतं.

“शुक्रवारपर्यंत थांब,” तो म्हणाला. “उतरू दे. मग सांग.”

“मग सांगून काय करायचं?”

“रजिस्टरवर सही कोणाची आहे, ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. आणि आत कोण गेलं तेही ठाऊक आहे. तुला एकट्याला पुढे करून मी मागे राहणार नाही.” ती जवळ गेली. “एक विचारते. वाटेतच तापवता येईल का? शूळ आतून तापवून? मिठातले जंतू कोरड्या उष्णतेनं मरतात. एकशेवीस अंश, तीस तास. येईल?”

“नाही.”

उत्तर फार पटकन आलं होतं. वीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं की निरंजनला तांत्रिक प्रश्न विचारला की तो आधी “म्हणजे बघ” म्हणतो, मग वर बघतो, आणि मग बोलतो. आज त्यानं वर बघितलं नव्हतं.

“मी बाईंकडे चालले,” ती म्हणाली.

“यमुना, या मोहिमेमागे सव्वीस वर्षं घालवलीत त्यांनी. सदुसष्ट वर्षांच्या आहेत त्या.”

“ठाऊक आहे मला.”

जिना उतरताना तो मागून येईल असं तिला वाटलं होतं. तो आला नाही.

संचालक डॉ. वसुंधरा आगाशे दिल्लीशी चाललेल्या बैठकीत होत्या. यमुना त्यांच्या दाराबाहेर तीन तास बसून राहिली. आत चिठ्ठी पाठवली, तर सहायक सांगत आला, “बाई म्हणतात, शनिवारी.” तिनं दुसरी चिठ्ठी पाठवली. तिच्यावर एकच ओळ होती: ‘यान निर्जंतुक नाही.’ दोन मिनिटांत दार उघडलं.

आगाशेबाई ठेंगण्या, पांढऱ्या आखूड केसांच्या. मुंबईच्या एका लहानशा प्रयोगशाळेतून त्यांनीच यमुनेला इथं आणलं होतं. त्यांनी जनुकतपासणीचा कागद बोट फिरवत ओळ न् ओळ वाचला. यमुना बोलत राहिली. मिठागर, फावडं, फोन, रजिस्टर. काही वगळलं नाही.

“हे मला आज का सांगतेस?” बाईंनी विचारलं.

“आज सकाळी कळलं, बाई.”

“सात दिवस झाले नव्हते, हे आज सकाळी कळलं?”

“नाही. ते तेव्हाच ठाऊक होतं,” यमुना म्हणाली.

“नऊ वर्षं तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी होते. “काय करता येईल ते बोल. रडायचं नंतर.”

“तीन गोष्टी. आहे तसं उतरवायचं. नाहीतर उतरवायचंच नाही, यान गुरूवर पाडायचं. किंवा वाटेतच तापवायचं. तीस तास. पण तारेला ते सोसेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

“तो सांगेल.” बाईंनी फोन उचलला.

निरंजन आला. दार लावून घेतलं. यमुनेकडे न बघता टेबलापुढे उभा राहिला.

“शूळ तापवता येईल?” बाईंनी विचारलं.

बाहेरच्या वऱ्हांड्यातून कोणीतरी हसत गेलं. यमुना त्याच्या हातांकडे पाहत होती. बोटं पँटच्या शिवणीवर दाबून धरली होती.

“म्हणजे बघा,” तो म्हणाला, आणि त्यानं वर पाहिलं. “येईल.”

यमुनेची नजर त्याच्या हातांवरून चेहऱ्याकडे गेली.

“शूळाच्या मध्यभागी किरणोत्सारी इंधन आहे,” तो सांगू लागला. “ते सतत तापलेलंच असतं. ती उष्णता आपण द्रवाच्या नळीवाटे बाहेर काढून टाकतो. ती नळी बंद केली की शूळ आपोआप तापेल, काही पेटवावं लागणार नाही. पण ब्रेक आहे बाहेरच्या कडेला. कडेला एकशेवीस अंश हवे असतील तर गाभ्यात एकशे चाळीस होणार. आणि तारेचं वेष्टण एकशे तीसला मऊ पडतं. आतले थर एकमेकांना चिकटतील.”

“म्हणजे तार सुटणार नाही.”

“बाहेरचे थर आधी सुटतात. ते सुटावेत. मग चिकटलेला भाग आला की शूळ अडकेल. कायमचा.”

“किती खोल?”

“तीन किलोमीटर. चार, नशीब असेल तर. नाहीतर काहीच नाही, पहिल्या मीटरलाच अडकेल.”

“आणि समुद्र पंधरावर.”

“हो.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निरंजन पुढे म्हणाला, “सकाळी हिनं मला हेच विचारलं होतं. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. रजिस्टरवरची सहीही खोटी आहे आणि ती माझी आहे. ती आत गेली, कारण मी बोलावलं. तिचे वडील पाच दिवसांपूर्वी गेले होते आणि मला ब्रेकचं पडलं होतं.”

“वेळ किती आहे?”

“सुटं व्हायच्या आधी तापणं, तीस तास, मग थंड होणं. शिवाय आज्ञा पोचायला एक्केचाळीस मिनिटं. सहाच्या आत इथून आज्ञा निघाली पाहिजे.”

“दोघंही बाहेर थांबा,” बाई म्हणाल्या.

ते वऱ्हांड्यात उभे राहिले, दोन खांबांशी दोघं. साडेचार झाले. पावणेपाच झाले. आत बाई एकट्या होत्या. फोनवर बोलल्याचा आवाजही येत नव्हता. पाचला दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण शब्द स्पष्ट होते.

“नळी बंद करा. आज्ञा माझ्या नावानं जाईल. जगातल्या सगळ्या संस्थांना मी आत्ता कळवते, कारणासकट. निरंजन, आज्ञा लिही. ती गेली की ओळखपत्र टेबलावर ठेव. यमुना, तू आत्ताच ठेव.”

पुढची पन्नास मिनिटं यमुनेनं नियंत्रणकक्षाच्या काचेबाहेर उभं राहून पाहिली. असली आज्ञा यानासाठी कधी लिहिलीच गेली नव्हती. यानाला उलट शिकवलेलं होतं, की शूळ तापू लागला तर काहीही करून थंडावा सुरू कर. आधी ती राखण काढायची, मग नळी बंद करायची, आणि तीस तासांनी नळी आपोआप उघडेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवायची. एक आकडा चुकला असता तर यान जळालं असतं. निरंजन टाइप करत होता, दोघं जण प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून तपासत होते. तपासणाऱ्यांपैकी एका मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती न पुसता वाचत होती. पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी आज्ञा गेली.

निरंजन बाहेर आला. दोघं आवाराच्या फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसले. एक्केचाळीस मिनिटं जायला, एक्केचाळीस यायला. आतल्या दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता. सव्वासातनंतर यमुनेच्या फोनवर बाईंकडून संदेश आला. नुसता आकडा: ३८. थोड्या वेळानं ५१. मग ७७. निरंजन प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचा. ११२. १२९. त्यानं डोळे मिटून घेतले. १४०.

“चिकटायला लागले असतील आता,” तो म्हणाला. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण तिच्याकडे वळलाही नाही.

शुक्रवारी ते घरी होते. उतरणारा भाग सुटा झाला, उतरला, पाय रोवून उभा राहिला. जग टाळ्या वाजवत होतं, पण त्या टाळ्यांत एक चोरटेपणा होता, कारण आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. शूळ बर्फात शिरला. पहिला मीटर गेला, तार सुटली. दहा, शंभर. दिवसाला वीस-एकवीस मीटर, अशा गतीनं तो पाच महिने खाली गेला. तीन हजार एकशे चाळीस मीटरवर थांबला. आज्ञा देऊन पाहिल्या, हिसके देऊन पाहिले. तार चिकटली होती.

वर्तमानपत्रांनी ‘समुद्र बारा किलोमीटर दूर राहिला’ असं छापलं आणि खाली दोघांचे फोटो.

मधल्या काळात यमुनेनं संस्थेतलं शेवटचं काम केलं. बाईंनीच ते लेखी मागितलं होतं. दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली तिनं मिठाचे चारशे खडे त्याच जंतूंसकट तयार केले, ब्रेकच्या हुबेहूब जोडीत बसवले, यानावर भाजले तसेच एकशेवीस अंशावर तीस तास भाजले, आणि खारट पाण्यात ठेवले. नव्वद दिवस. चारशेपैकी एकही नळी गुलाबी झाली नाही. अहवाल देऊन ती पेणच्या कॉलेजात शिकवायला गेली.

निरंजन बंगळुरूला गेला, एका पंप बनवणाऱ्या कंपनीत. भांडण असं झालं नव्हतं. “मी तुझ्यावर रागावलेलो नाही,” तो जाताना म्हणाला होता. “पण तुझ्याकडे बघितलं की मला तो आकडा दिसतो. थोडे दिवस जाऊ दे.” दर रविवारी अकराला तो फोन करायचा. जेवण, हवा, दादाची तब्येत. तारेचा विषय दोघंही टाळायचे.

शूळ अडकल्याला तीन आठवडे झाले होते. यमुना दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होती. फोन थरथरला. आगाशेबाईंचं नाव पाहून तिनं सहकाऱ्याला खूण केली आणि ती वऱ्हांड्यात आली. त्या दिवसानंतर बाईंनी तिला एकदाही फोन केला नव्हता.

“बाई?”

“मी सांगते तेवढं ऐक. मधे बोलू नकोस.” बाईंचा श्वास लागला होता. “शूळ बर्फात अडकलेला नाही. तिथं बर्फाच्या पोटात खाऱ्या पाण्याचा साठा आहे. लहानसा, तीसेक मीटर उंचीचा. शूळ त्याच्या मधोमध लोंबकळतोय. आम्हाला हे आठवड्यापूर्वी कळलं. शूळावरचा सूक्ष्मदर्शक रोज एक चित्र पाठवतो. परवा आम्ही त्याला एका तासात साठ चित्रं काढायला लावली. आज ती आली.”

यमुनेनं कठडा धरला.

“काहीतरी आहे,” बाई म्हणाल्या. “लांबट. चार आहेत. मी कोणालाही बोललेले नाही, खोलीत आम्ही तिघंच आहोत. मला तुझ्याकडून एक हवंय, आणि खरं हवंय. ते तुझे असू शकतात का?”

“मेलेले असू शकतात,” यमुना सावकाश म्हणाली. “भाजलेल्या जंतूंची कलेवरं राहतात, बाई. आकार तसाच दिसतो. नुसत्या आकारावरून मी काहीच सांगणार नाही.”

“ते हलतायत.”

“पाण्याबरोबर सगळंच हलतं. शूळ गरम आहे, त्याच्याभोवती पाणी फिरणार. धूळ कुठल्या बाजूला जातेय?”

“धूळ वर जातेय. सगळी वर.”

“आणि ते?”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. बाई कोणाला तरी काहीतरी विचारत होत्या.

“तीन वरच जातायत, धुळीबरोबर,” त्या म्हणाल्या. “चौथा खाली जातोय. बारा चित्रं सरळ खाली, मग वळलाय. मग पुन्हा खाली.”

“धूळ तेव्हाही वरच होती?”

“वरच.”

वर्गात कोणाच्या तरी हातून काचेचं भांडं पडून फुटलं. यमुनेला ते दुरून ऐकू आलं. तिनं मनातल्या मनात चारशे नळ्या पाहिल्या, पहिलीपासून चारशेवीपर्यंत एकेक नव्हे, सगळ्या एकदम, रांगेनं, स्वच्छ.

“बाई, आपण नेलेलं सगळं मेलेलं आहे. याची मी खात्री देते. जे मेलंय ते प्रवाहाविरुद्ध जात नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो चौथा आपला नाही.”

बाई म्हणाल्या, “हे तू लिहून देशील? सहीनिशी?”

“देईन.”

“ये मग. गाडी पाठवते.” फोन बंद झाला.

यमुना तिथंच उभी राहिली. मग तिनं निरंजनचा नंबर लावला. घंटा बराच वेळ वाजत राहिली. त्यानं उचलला तेव्हा मागे यंत्रांचा गोंगाट होता.

“यमुना? आज बुधवार आहे. काय झालं? दादा बरा आहे ना?”

“दादा बरा आहे. तू जरा बाहेर ये, आवाज कमी असेल तिथं.”

पावलं ऐकू आली. दार लागलं. गोंगाट थांबला.

“बोल.”

“शूळ थांबलाय तिथं तीस मीटर पाणी आहे, आणि त्या पाण्यात कोणीतरी आहे,” ती म्हणाली. “तुझी तार चिकटली नसती, सुटत राहिली असती, तर शूळ एका दिवसात ते ओलांडून खालच्या बर्फात गेला असता. एखादं चित्र मिळालं असतं, रिकामं. निरंजन, ती बरोबर जागी अडकली.”